भूल आणि मज्जासंस्थेवरची नजर: ऑपरेशन चालू असताना सिग्नल का मंदावतात

पाठीचा वाकलेला कणा सरळ करताना सर्जन मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना धातूची दांडी जोडतात आणि कणा हळूहळू ओढत, फिरवत जागेवर आणतात. त्याच कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. त्याच्यावर जादा ताण आला किंवा त्याचा रक्तपुरवठा कमी पडला, तर पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. माणूस जागा असता तर पायाला मुंग्या येताच बोलला असता. भूल दिलेल्याला ते सांगता येत नाही. म्हणून त्याच्या मज्जातंतूंना बाहेरून विजेचे छोटे झटके देतात आणि शरीराने दिलेले उत्तर तरंगांच्या रूपात स्क्रीनवर वाचतात. याला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात.

अडचण अशी की ज्या मेंदूकडून हे उत्तर हवे असते, त्यालाच औषधांनी झोपवलेले असते. भूल गडद झाली की तरंग लहान होतो आणि मज्जारज्जू दुखावला तरीही तरंग लहानच होतो. नुसत्या एका तरंगाकडे पाहून यातले कोणते घडले ते सांगता येत नाही. म्हणून अशा ऑपरेशनमध्ये भूल कोणत्या औषधाने दिली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती किती स्थिर ठेवली याला आहे. मंद पण स्थिर सिग्नलवर टीम विश्वास ठेवू शकते. औषधाच्या डोसबरोबर वरखाली होणारा सिग्नल कितीही मोठा असला तरी ऐन वेळी उपयोगाचा नसतो.

ही यंत्रणा रुळण्याआधी रुग्णाला ऑपरेशनच्या मध्येच जागे केले जाई. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या व्होझेल, स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. भूल हलकी करायची, ‘हाताची मूठ आवळा’, ‘आता पाय हलवा’ असे सांगायचे आणि हालचाल दिसली की पुन्हा झोपवायचे. ही चाचणी आजही बाद झालेली नाही. सिग्नल गेले आणि कारण सापडत नसेल तर तिचाच आधार घ्यावा लागतो. पण ती फक्त त्या एका क्षणाची स्थिती सांगते. दहा मिनिटांनी रक्तपुरवठा तुटला तर तिला ते कळणार नाही. शिवाय पालथा झोपलेला रुग्ण अचानक उसळला, तर श्वासनलिकेतली नळी निघण्याची भीती असतेच.

नेमके काय मोजतात

मुख्य चाचण्या दोन आहेत, आणि त्या उलट दिशांनी जातात. एसएसईपी ही संवेदनेच्या वाटेची चाचणी. मनगटाजवळच्या किंवा घोट्यामागच्या मज्जातंतूला सेकंदाला चार-पाच वेळा, प्रत्येकी ०.२ ते ०.३ मिलिसेकंदांचा झटका देतात आणि डोक्याच्या त्वचेवर उत्तर टिपतात. मनगटाहून निघालेला संदेश मेंदूच्या पृष्ठभागावर साधारण २० मिलिसेकंदांत पोहोचतो, तर घोट्याहून निघालेला ३७ ते ४० मिलिसेकंदांत. झटक्यांचा वेग सेकंदाला ४.७ असा आडनिडा निवडतात. त्यामुळे घरगुती विजेच्या ५० हर्ट्झशी त्याचा ताल जुळत नाही आणि विजेचा आवाज तरंगात मिसळत नाही.

हा तरंग एक-दोन मायक्रोव्होल्ट इतकाच असतो. मेंदूची रोजची विद्युत हालचाल त्याच्या कित्येक पट मोठी असते. त्यामुळे शेकडो उत्तरांची सरासरी काढल्यावरच तो उठून दिसतो आणि त्याला एखाद-दोन मिनिटे लागतात. तरंगाची उंची निम्म्याने घटली किंवा पोहोचण्याचा वेळ १० टक्क्यांनी वाढला, की धोक्याची सूचना देण्याचा प्रघात आहे.

दुसरी चाचणी एमईपी, म्हणजे हालचालीच्या वाटेची. इथे डोक्याच्या त्वचेत बसवलेल्या सुयांमधून मेंदूच्या हालचाल-केंद्राला काही शे व्होल्टचा झटका देतात आणि अंगठ्याचा, नडगीचा, तळपायाचा स्नायू आकुंचन पावतो का ते पाहतात. उत्तर तत्काळ मिळते, सरासरी काढावी लागत नाही. मात्र झटक्यासरशी अंग थोडे हलते, म्हणून आधी सर्जनना हात थांबवायला सांगावे लागते. जबडाही जोरात मिटतो. यासाठी दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजच्या मऊ गुंडाळ्या ठेवतात आणि रुग्णाला पालथे केल्यावर जीभ दातांत आली नाही ना हे पुन्हा पाहतात. हे राहून गेले तर जिभेला टाके घालण्याइतकी जखम होऊ शकते.

दोन्ही चाचण्या का हव्यात, याचे उत्तर मज्जारज्जूच्या रक्तपुरवठ्यात आहे. पुढचा सुमारे दोन-तृतीयांश भाग एका पुढच्या धमनीवर जगतो आणि हालचालीचा मुख्य मार्ग त्याच क्षेत्रावर अवलंबून असतो. संवेदनेच्या ज्या वाटेने एसएसईपी जातो तो भाग मागे असतो आणि त्याला मागच्या धमन्या रक्त देतात. पुढची धमनी बंद पडली तर एसएसईपी ठणठणीत दिसत असतानाच पाय लुळे पडू शकतात.

तिसरी, ईएमजी, यात स्नायूंची विद्युत हालचाल सतत ऐकत राहतात. मज्जातंतूचे मूळ ओढले गेले की स्पीकरवर तडतड ऐकू येते.

भूल नेमकी कुठे अडवते

मज्जातंतूचा लांब धागा हा सरळ रस्ता आहे असे धरा. एक पेशी संपून दुसरी सुरू होते ती जागा, म्हणजे सायनॅप्स, ही नदी. तिथे गाडीतून उतरून होडीने पलीकडे जावे लागते. भुलीची औषधे रस्त्यावर फारशी अडवणूक करत नाहीत, ती होड्या कमी करतात. प्रोपोफॉल (शिरेतून देण्याचे भुलीचे औषध) आणि भुलीचे वायू गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात, त्यामुळे पुढची पेशी चटकन पेटत नाही. ज्या वाटेवर सायनॅप्स जास्त, तिच्यावर भुलीचा परिणाम जास्त.

हा एक नियम लक्षात ठेवला की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. एसएसईपीचा मेंदूच्या पृष्ठभागावरचा तरंग तिथवर पोहोचेपर्यंत अनेक सायनॅप्स ओलांडतो, म्हणून तो लवकर खचतो. तोच संदेश मानेजवळ टिपला तर बऱ्यापैकी टिकून असतो. त्यामुळे डोक्यावरचा तरंग घटला आणि मानेवरचा जसाच्या तसा राहिला, तर मानेखालचा मार्ग शाबूत असून संशय भुलीवर घ्यावा, असा तो पुरावा ठरतो. कानात टिकटिक ऐकवून घेतली जाणारी बीएईपी ही चाचणी मेंदूच्या खोडापर्यंतच जाते. तिचे मुख्य पाच तरंग पहिल्या १० मिलिसेकंदांत येऊन जातात आणि नेहमीच्या भुलीत ते फारसे बिघडत नाहीत. उलट डोळ्यांवर प्रकाश टाकून घेतलेला दृष्टीचा तरंग वायूने सगळ्यांत आधी पुसला जातो.

एमईपीची गतही फार नाजूक. तिच्या वाटेत मेंदूच्या पृष्ठभागावरचे सायनॅप्स येतात, मज्जारज्जूतल्या हालचाल-पेशीपाशी एक येतो आणि शेवटी मज्जातंतू व स्नायू यांच्यामधला सांधा येतो. भुलीखाली मज्जारज्जूतली ही पेशी इतकी मंदावते की मेंदूकडून आलेल्या एका धक्क्याने ती पेटतच नाही. म्हणून झटका एक न देता पाच ते सात झटक्यांची माळ देतात, दोन झटक्यांत २ ते ४ मिलिसेकंदांचे अंतर ठेवून. आधीच्या धक्क्याचा परिणाम ओसरण्याआत पुढचा येतो आणि बेरजेने पेशी पेटते. ही युक्ती सापडली नसती तर पूर्ण भुलीत स्नायूंचे उत्तर मिळणे फार अवघड होते.

या सगळ्या सायनॅप्सना वळसा घालणारीही एक नोंद आहे, डी-वेव्ह. मज्जारज्जूच्या आवरणालगत बारीक इलेक्ट्रोड ठेवून हालचालीच्या मार्गातून जाणारा संदेश थेट टिपतात. तिच्यावर भुलीचा आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम नगण्य. मज्जारज्जूच्या आतल्या गाठी काढताना तिला मोठे मोल आहे: स्नायूंचे उत्तर गेले पण डी-वेव्ह निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, तर अशक्तपणा बहुधा तात्पुरता ठरतो. कमरेच्या भागात मात्र ती मिळत नाही, कारण तिथवर पोहोचणारे धागे फार थोडे उरतात.

औषधे आणि त्यांचे डोस

सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन हे वायू डोस वाढेल तसे तरंग लहान आणि उशिरा करतात. वायूचा डोस ‘मॅक’ या मापात सांगतात. १ मॅक म्हणजे ज्या प्रमाणात निम्मे रुग्ण त्वचेवर छेद दिल्यावर हलत नाहीत ते प्रमाण. मध्यम वयाच्या माणसात सेव्होफ्लुरेनसाठी ते २ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे अर्धा मॅक सुमारे १ टक्का. मज्जासंस्था निरोगी असेल तर अर्ध्या मॅकपर्यंत एसएसईपी बहुतेक वेळा वाचता येतो. एमईपीबाबत अशी हमी नसते. मधुमेहाने मज्जातंतू खराब झालेले असतील किंवा मज्जारज्जू आधीच दबलेला असेल, तर तेवढ्या वायूतही स्नायूंचे उत्तर नाहीसे होते. नायट्रस ऑक्साइड तरंगाची उंची घटवतो, वेळ मात्र फारसा बदलत नाही. दुसऱ्या वायूच्या जोडीला तो आला की नुकसान वाढते, म्हणून एमईपी घ्यायची असेल तर तो टाळलेलाच बरा.

यामुळेच अशा ऑपरेशनमध्ये भूल बहुधा पूर्णपणे शिरेतून देतात. सामान्य मांडणी प्रोपोफॉल आणि रेमिफेंटॅनिल यांची. प्रोपोफॉल दर किलोला मिनिटाला १०० ते १५० मायक्रोग्रॅम, रेमिफेंटॅनिल ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १ टक्क्याचे प्रोपोफॉल या हिशेबाने तासाला ३६ ते ५४ मिलिलिटर जाते. रेमिफेंटॅनिलसारख्या अफूवर्गीय औषधांचा तरंगांवर परिणाम अगदी कमी असतो. म्हणून वेदना दाबण्याचा भार रेमिफेंटॅनिलवर टाकायचा आणि प्रोपोफॉल गरजेपुरतेच ठेवायचे, हे सूत्र.

प्रोपोफॉल ‘सुरक्षित’ मानून त्याचा डोस सढळ ठेवणे ही चूक वारंवार होते. जास्त डोसला तेही एमईपी दाबते. शिवाय ते चरबीत साठत जाते, त्यामुळे पहिल्या तासाला योग्य असलेला वेग पाचव्या तासाला जास्त ठरतो. यासाठी कपाळावर लावलेल्या पट्टीतून मेंदूचे तरंग पाहत वेग उतरवतात. भूल किती गडद आहे ते दाखवणारा बीआयएस हा आकडा ४० ते ६० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. मेंदूच्या तरंगांत मधूनमधून सपाट रेघा दिसू लागल्या, तर भूल गरजेपेक्षा गडद आहे आणि एमईपी मंदावण्याचे कारण बहुधा तिथेच आहे.

केटामाइनची गोष्ट वेगळी. ते गाबाच्या वाटेने काम करत नाही, आणि एसएसईपीचा तरंग ते उलट मोठा करते. सिग्नल मुळातच क्षीण असतील तर थोड्या डोसचे केटामाइन जोडून प्रोपोफॉल कमी करता येते. त्याने बीआयएसचा आकडा मात्र फुगतो, हे ध्यानात ठेवावे लागते. नाहीतर रुग्ण जागा होतोय या समजाने प्रोपोफॉल पुन्हा वाढवले जाते. डेक्समेडेटोमिडीन दर किलोला तासाला ०.२ ते ०.५ मायक्रोग्रॅम या वेगाने सहसा चालून जाते. सुरुवातीचा भला मोठा डोस मात्र एमईपी खाली आणू शकतो.

स्नायू शिथिल करणारी औषधे

ही औषधे शेवटच्या सांध्यावर, म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मध्ये काम करतात. एसएसईपीला त्यांनी धक्का लागत नाही. उलट स्नायूंची कुरकुर थांबल्याने तो जास्त स्वच्छ दिसतो. एमईपी आणि ईएमजी मात्र त्यांनी बंदच पडतात.

श्वासनलिकेत नळी घालताना एखादा डोस द्यावा लागतो. रोक्युरोनियम ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो दिले तर अर्ध्या तासाहून अधिक काळ परिणाम राहतो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा शरीर गार पडले असेल तर आणखी रेंगाळतो. तो उतरला की नाही हे अंदाजाने ठरवायचे नसते. मनगटाजवळच्या मज्जातंतूला सलग चार झटके देऊन अंगठा किती वेळा आणि किती जोराने हलतो ते पाहतात. चारही हालचाली सारख्या जोराच्या आल्या म्हणजे मार्ग मोकळा. थांबायला वेळ नसेल तर सुगामाडेक्सने रोक्युरोनियमचा परिणाम काढून टाकता येतो: दोन हालचाली परतल्या असतील तर २ मिलिग्रॅम प्रति किलो, परिणाम अजून खोल असेल तर ४.

हे तपासले नाही तर खरा धोका सिग्नल न मिळण्याचा नाही, खोटा दिलासा मिळण्याचा आहे. मणक्यात बसवलेल्या स्क्रूला वीज देऊन पाहतात. स्क्रू हाड फोडून मज्जातंतूच्या मुळाला भिडला असेल तर थोड्याच विजेला पायाचा स्नायू हलतो. कमरेच्या भागात ८ मिलिअँपिअरच्या खाली उत्तर आले तर स्क्रूची जागा पुन्हा तपासतात. रुग्ण अर्धवट शिथिल असेल तर चुकीच्या जागी असलेला स्क्रूही जास्त विजेला उत्तर देतो आणि सगळे ठीक वाटते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्येही तेच. तिथे आवाजाच्या मज्जातंतूवर लक्ष ठेवायला इलेक्ट्रोड असलेली नळी वापरतात. शिथिल करणारे औषध उतरलेले हवे, आणि नळीला बधिर करणारी जेलीही लावायची नाही.

शिथिल करणारे औषध नसताना रुग्ण हलू नये याची जबाबदारी रेमिफेंटॅनिलवर येते. त्याची सिरिंज संपली आणि बदलायला दोन मिनिटे लागली, तरी रुग्ण खोकू शकतो. पुढची सिरिंज भरून तयार ठेवणे ही इथे चैन नाही.

सिग्नल पडतात तेव्हा

भूल लागली, वायू उतरला, रुग्ण पालथा करून स्थिर झाला, रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आला, की मूळ नोंद घेतात. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशी होते. मानेचे मणके नाजूक असतील तर पालथे करण्याआधीही एक नोंद घ्यावी, कारण इजा त्या हालचालीतच होऊ शकते. लहान मुलांना बहुधा सेव्होफ्लुरेन हुंगवून झोपवतात. तो पुरता उतरण्याआधी घाईने घेतलेली मूळ नोंद दिवसभर दिशाभूल करते. त्यातून लहान वयात हालचालीचे मार्ग पूर्ण पिकलेले नसतात, त्यामुळे व्होल्ट जास्त लागतात आणि वायू मुळीच खपत नाही.

सिग्नल घटला की प्रथम आकृती पाहायची: कुठे घटला? छाती-कमरेच्या ऑपरेशनमध्ये हातांचे सिग्नल साक्षीदार म्हणून ठेवलेले असतात. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळीकडे एकदम घट झाली तर कारण सर्व शरीराला लागू होणारे असते: नुकताच दिलेला प्रोपोफॉलचा जादा डोस, चुकून चालू राहिलेला वायू, खाली गेलेला रक्तदाब, थंड पडलेले शरीर. हात शाबूत आणि दोन्ही पाय गेले, तर मज्जारज्जूचाच विचार आधी करायचा. एकच हात गेला तर तो बहुतेकदा खांद्याशी ताणला गेलाय किंवा कोपराशी दबलाय, आणि नुसता नीट ठेवला की परततो.

म्हणूनच दांडी फिरवण्याच्या मिनिटाला ५० मिलिग्रॅम प्रोपोफॉल एकदम देणे टाळायचे. ते दिले, मिनिटा-दोन मिनिटांत एमईपी पडली, तर दोष औषधाचा की दांडीचा हे कोणी सांगू शकणार नाही. द्यावेच लागले तर मोठ्याने सांगून द्यावे, म्हणजे मॉनिटरिंग करणारी व्यक्ती वेळेसकट नोंद करते. उलट बाजूही आहे. काही कारण नसताना तरंग अचानक मोठे झाले, तर ती चांगली बातमी समजू नये. शिरेतली सुई निसटलेली असू शकते आणि रुग्ण जागा होत असू शकतो. पालथ्या रुग्णाचा हात कापडाखाली असतो, म्हणून सुईची जागा दिसेल अशी ठेवणे महत्त्वाचे.

लांब ऑपरेशनमध्ये आणखी एक गुंता असतो. भुलीचा वेग, रक्तदाब, सारे स्थिर असूनही तासागणिक एमईपीसाठी जास्त व्होल्ट लागू लागतात. ही घसरण संथ आणि सगळ्या स्नायूंत सारखी असते. इजेची घट सहसा अचानक असते आणि सर्जननी नुकत्याच केलेल्या एखाद्या कृतीशी जुळते.

खरी सूचना आली की सर्जन थांबतात आणि शेवटची कृती मागे घेतात: ताण सैल करतात, शेवटचा स्क्रू तपासतात. त्याच वेळी भूलतज्ज्ञ सरासरी रक्तदाब ८५ ते ९० च्या वर नेतात, वायू चालू असल्यास बंद करतात, चार झटक्यांची चाचणी करतात, हिमोग्लोबिन, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड पाहतात. कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला असेल तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून श्वासाचे यंत्र सावकाश करतात. मॉनिटरिंग करणारी व्यक्ती सुया आणि वायर तपासते. यातले काहीही दुसऱ्याचे होईपर्यंत थांबत नाही. रक्तदाब वाढवल्याने बऱ्याचदा काही मिनिटांत सिग्नल परततात. तरीही परतले नाहीत, तर रुग्णाला जागे करून पाय हलवायला सांगण्याची जुनी चाचणी करतात.

या कामात अनुभव किती मोजतो ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोलिओसिस (वाकलेला कणा) सर्जनांच्या सर्वेक्षणातून दिसले. त्यात एसएसईपी वापरलेल्या ५१,२६३ ऑपरेशनचा हिशेब होता. मॉनिटरिंगचा भरपूर अनुभव असलेल्या टीमच्या रुग्णांत मज्जासंस्थेची इजा नवख्या टीमच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी आढळली.

रुग्णाच्या बाजूने काही गोष्टी आधी सांगितल्या तर पुढचे अडथळे टळतात. फिट येत असतील, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, हृदयात पेसमेकर असेल, कवटीवर पूर्वी ऑपरेशन झाले असेल, तर एमईपी घ्यायची का आणि कशी, याचा आधी विचार करावा लागतो. दात हलत असतील, मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल, स्नायूंचा एखादा आजार असेल, तेही सांगावे. हे सगळे भूलतज्ज्ञांच्या आधीच्या तपासणीत सांगितले, तर दाढांमधला गॉज कसा ठेवायचा इथपासून वायू मुळीच वापरायचा की नाही इथपर्यंतची आखणी आदल्या दिवशीच करता येते.